पुढच्याच्या हाती

शारजाच्या खाडीवर मगरीबनंतरही माल उतरतो.
लॅबच्या खिडकीतून दिसतात लाकडी गलबतं,
फळीवर माणसांची रांग.
पहिला उचलतो, पण सगळंच नाही.
सगळं त्यानंच उचललं तर पाठ जाईल.
उरलेलं तो पुढे सारतो,
पुढचा ते हातावर झेलतो.

त्या रांगेतला एक आज माझ्यासमोर बसलाय.
सुलेमान होडेकर, वय एक्केचाळीस,
गाव वेसवी, बाणकोटच्या खाडीवरचं.
फिटनेसच्या कागदावर तांबडा शिक्का, कावीळ.
व्हिसाला अठरा दिवस.

"मी ल्हानपनापासनं पिवलाच हाय, बाय.
शालंत मास्तर हलकुंड म्हनायचे.
दुखत काय नाय. भूक लागते. झोप लागते.
शिक्का कसला मारलान त्यांनी?"

दंडाच्या शिरेत मी हिरवा रंग सोडला.
पाच मिनिटांनी रक्त, दहाला, पंधराला.
एव्हाना इतरांच्या नळीत नुसतं गव्हाळ पाणी उरतं,
हिरवं सगळं यकृतानं ओढून घेतलेलं असतं.
त्याची तिसरी नळी उजेडात धरली,
तळ्यावरच्या शेवाळासारखी.

कॉलेजात ऋणायन हा शब्द परीक्षेपुरता पाठ केला होता.
आज तो उघडला.
ज्याच्या अंगावर ऋण आहे
त्याला पेशीची भिंत आत घेत नाही.
भिंत स्निग्ध आहे म्हणे.
असली माया आम्ही इथे सगळ्यांनी पाहिली आहे.

म्हणून अल्ब्युमिन त्याला पाठुंगळी घेतं,
रक्तातून फिरवत यकृताच्या चाळणीपर्यंत आणतं,
उंबऱ्याशी उतरवतं
आणि रिकामं वळतं दुसऱ्या फेरीला.
उंबऱ्यावर दार, प्रथिनाचं.
एक आत घेतं, बदल्यात आतलं काही बाहेर देतं.
पित्ताचे क्षार, संप्रेरकं, औषधाची गोळी,
जुन्या रक्ताचा पिवळा गाळ,
कुणाकडे ना पासपोर्ट मागतं, ना कफील.

सुलेमानच्या यकृतात ही दारं नाहीत.
दोन तऱ्हेची असतात, दोन्ही नाहीत.
आई-बाप सख्ख्या चुलत भावंडांतले;
एकच चूक दोन्हीकडून हातोहात आली,
आणि त्याच्यापाशी येऊन जोडी जमली.

चहा गार झाला. मी पुस्तकात बोट घालून बसले.
कच्चं पिवळं भिंतीतून थोडं झिरपतंच, असं लिहिलंय.
पेशी त्याला धुते, तेव्हा त्याच्यावर ऋण चढतं.
धुतलेलं ती पित्तात सोडते, पण सगळं नाही.
काही परत रक्तात ठेवते,
खालच्या ओळीतल्या पेशीनं उचलावं म्हणून.

मी पुन्हा खिडकीकडे पाहिलं.

त्याच्या आतली पहिली पेशीही अशीच पोतं पुढे सारत असणार,
चाळीस वर्षं, न बघता,
पुढे कुणी उभं आहे असं धरून.
पोतं प्रवाहात पडतं.
वाहत वाहत डोळ्यांच्या पांढऱ्याला लागतं
आणि तिथे कुणीतरी शिक्का मारतं.

अहवालात लिहिलं: जन्मजात. निरुपद्रवी. संसर्ग नाही.
सही डॉक्टर बुशरांची, सकाळी.
"कोलेस्टेरॉलची गोळी कुणी दिलीच," मी सांगितलं,
"तर आधी हा कागद दाखवायचा.
ती तुमच्या रक्तात जास्त वेळ रेंगाळेल."
त्यानं कागदाची चार घडी घातली,
लेबर कार्डामागे सरकवली.

मग दारापर्यंत जाऊन परत आला.
"पोराचं काय, बाय?"
एवढ्या सहज नाही येत, म्हटलं, दोघांकडून यावं लागतं.
पटलं नाही त्याला. फोन लावला.
वेसवीत साडेदहा. पोरगं पेंगुळलेलं,
आईनं खालची पापणी ओढून धरलेली.
आम्ही दोघं त्या एवढ्याशा पडद्यावर वाकलो.

त्यांच्या पडवीतला बल्ब जुना होता.
भिंत पिवळी, उशी पिवळी,
आईची बोटंसुद्धा.

"दिवसाउजेडी लावा," मी म्हटलं.
"दिवसा मी फलीवर असतो," तो म्हणाला.